काहिलीतला बर्फ

‘ज्या स्थितीत नेली त्याच स्थितीत परत आणून द्यावी’ हे वाक्य मी एकवीस वर्षांच्या नोकरीत शेकडो वेळा लिहिलं आहे. सतरंज्यांबद्दल लिहिलं, लाउडस्पीकरबद्दल लिहिलं, एकदा गॅदरिंगसाठी दिलेल्या लाकडी सिंहासनाबद्दल लिहिलं. ते सिंहासन एका पायाने अधू होऊन परत आलं, तरी मी पोच दिली. सिंहासनाला बाप नसतो. रोहिणीला होता.

बापाचं नाव मानसिंगराव. सणसरच्या शिवारात त्यांचा ऊस आहे, आणि आवाज असा आहे की फोनवर बोलताना त्यांना ट्रॅक्टर बंद करावा लागत नाही. रोहिणी त्यांची नववीतली मुलगी आणि आमच्या विद्यालयाच्या मुलींच्या फुटबॉल संघाची फॉरवर्ड. सप्टेंबरात बारामतीला एक सामना खेळून ती लंगडत घरी गेली आणि पुढचे तीन दिवस पायऱ्या उलट्या उतरत होती. चौथ्या दिवशी मानसिंगराव तिचे बूट हातात घेऊन माझ्या टेबलापुढे उभे राहिले. मी शाळेचा क्लार्क. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात आणि तक्रारी घेऊन आधी माझ्याकडेच येतात, कारण मोठ्या मॅडमच्या खोलीला पडदा आहे आणि माझ्या खोलीला नाही.

"भाऊसाहेब, पोरगी चालत गेलती, लंगडत आली," ते म्हणाले. "आता परत अशी आली तर हे बूट विहिरीत आन् खेळ बंद. सांगून ठिवतो."

त्यांनी ते नुसतं सांगून ठेवलं असतं तर मी विसरूनही गेलो असतो. पण नोव्हेंबरात जिल्हा पातळीच्या सामन्यांसाठी पालकांची संमतीपत्रं आली, तेव्हा मानसिंगरावांनी छापील मजकुराखाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘मुलगी ज्या स्थितीत नेली त्याच स्थितीत परत आणून द्यावी.’ मी ओळखीचं वाक्य बघून सवयीने खाली ‘अट मान्य’ लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. शाई वाळल्यावर माझ्या लक्षात आलं की या वेळी वस्तू कुठली आहे.

मी भित्रा माणूस आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पोस्टमनने जोरात हाक मारली तरी माझ्या छातीत धडधडतं. त्या दिवसापासून मला रोहिणी दिसली की आधी तिचे पाय दिसायचे. ती पायरीवरून उडी मारून उतरली की मी टेबलामागे डोळे मिटून घ्यायचो.

त्यातच आमचे क्रीडाशिक्षक रणजित सर पुण्याहून एक शिबिर करून आले. येताना ‘रिकव्हरी’ हा शब्द घेऊन आले. "भाऊसाहेब, मुली मॅच खेळून दमत नाहीत. मॅचनंतर आपण त्यांना तशाच गाडीत कोंबतो, म्हणून दमतात." सामना संपला की लगेच बसायचं नाही, हळूहळू चालायचं, पाय ताणायचे, अर्ध्या तासात खायचं, भरपूर पाणी प्यायचं, वेळेवर झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असेल तर पाय दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. मला हे फार पटलं. दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं तर आणखी पटलं असतं.

मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका वृषाली मॅडम, यांनी त्याच दुपारी कार्यालयीन आदेश काढला. रिकव्हरी प्रमुख म्हणून माझं नाव होतं. मी भीत भीत कारण विचारलं.

"अट तुम्हीच मान्य केलीय ना?" मॅडम म्हणाल्या.

घरी ही बातमी सांगितल्यावर बायकोने, राजेश्वरीने, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही जिना चढून आलात की तुमची रिकव्हरी व्हायला अर्धा तास लागतो," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेली. शेजारच्या जयवंताकाकूंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू जातं. त्या लगेच आल्या. "बर्फ? अवं, दुखऱ्या पायाला कुनी बर्फ लावतं व्हय? शेक द्यायचा, शेक! वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची. गारठा भरला तर पोरींचं काय व्हईल जन्माचं?" किराणा दुकानदाराने एरंडेल तेल सांगितलं. दूध घालायला आलेल्या तिघांनी तीन वेगवेगळी पानं सांगितली, पण ती गरम करून बांधायची यावर तिघांचं एकमत होतं. थोडक्यात, अख्खं गाव शेकाच्या बाजूने होतं. खरं सांगायचं तर मनातून मीही त्याच बाजूला होतो. बर्फाच्या बाजूला रणजित सर, त्यांचा मोबाइल आणि माझी सही एवढेच होते.

पहिला प्रयोग शाळेच्या निळ्या ड्रममध्ये केला. गोलकीपर राजलक्ष्मी हौसेने आधी आत उतरली. उतरली ती अडकली. ती आत हसायला लागली की आणखी घट्ट बसायची. शेवटी ड्रम आडवा करून तिला बाहेर काढलं, तेव्हा कार्यालयाच्या दारापर्यंत पाणी आलं आणि मोठ्या मॅडमच्या चपला तरंगत बाहेर गेल्या.

चपला परत आल्यावर मॅडमनी नियमांचं पुस्तक काढलं. विद्यार्थ्यांचा पाण्यात कोणताही उपक्रम घ्यायचा असेल, तर पोहता येणारी प्रौढ व्यक्ती हजर हवी आणि तिचा लेखी दाखला हवा. मी म्हणालो, "मॅडम, पाणी गुडघाभर आहे आणि मुली काठावर बसणार आहेत." मॅडम म्हणाल्या, "खोली किती ते पुस्तकात नाही." मला पोहता येत नाही. रणजित सरांना येतं, पण ज्या शुक्रवारी उपांत्य सामन्यानंतर ही गरज होती, त्याच दुपारपासून दोन दिवस त्यांना मतदार यादीच्या बैठकांना इंदापूरला बोलावलं होतं. आता पोहणारा माणूस शोधणं आलं.

असा माणूस म्हणजे दत्तोबा तात्या. वय सत्तरीपार, पण अजून विहिरीत वरून सूर मारतात. त्यांनी दाखल्यावर अंगठा द्यायची तयारी दाखवली, मग सही येते हे आठवून सही केली. वर म्हणाले, "ड्रम कशाला? माझ्या गुऱ्हाळाची काहील रिकामी हाय. उसाचा चरक दोन दिस झालं बंद पडलाय. फळ्या टाका काठावर, बसवा पोरींना, पाय सोडा आत. अख्खी टीम बसंल."

गूळ करायची ती लोखंडी कढई मी पाहिली होती. आमच्या कार्यालयाएवढी रुंद. चुलाणावर, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या चुलीवर, बसवलेली, भोवती दगडी ओटा. एका बाजूने पाणी सोडायची सोय. याहून चांगलं काय मिळणार? तात्या मानसिंगरावांचे सख्खे चुलते आहेत हे मला माहीत होतं, तरी त्यावरून मला काहीही सुचलं नाही. भित्रा माणूस नको तिथेच घाबरतो.

शुक्रवारी सकाळी बारामतीत उपांत्य सामना झाला. आम्ही जिंकलो. शेवटच्या पाच मिनिटांत रोहिणीच्या डाव्या पोटरीत पेटका आला, ती तशीच फरफटत खेळली, आणि शिट्टी झाल्यावर गवतावर बसून राहिली. सगळे नाचत होते. मी एकटा तिच्या पोटरीकडे बघत होतो. शनिवारी दुपारी अंतिम सामना आणि संध्याकाळी मुलगी परत द्यायची. मी तिला उठवलं, चालवलं, केळी दिली, मीठ-साखरेचं पाणी दिलं. पाय कसा ताणायचा तेही सरांनी शिकवलं होतं: टाच तळहातात धरायची, गुडघा सरळ, बोटं हळूहळू नडगीकडे दाबायची. पण मी पुरुषमाणूस, आणि गावातल्या मुलींच्या पायाला हात कसा लावणार? म्हणून मी उभ्याने सांगायचो आणि राजलक्ष्मी करायची.

बारामतीच्या बर्फाच्या कारखान्यातून चार लाद्या गोणपाटात गुंडाळून आम्ही दोनच्या सुमारास गुऱ्हाळावर आलो. तात्या पलीकडे चरकापाशी मिस्त्रीबरोबर बसले होते. नवीन बेअरिंग बसत होतं आणि तात्यांचा सगळा जीव त्या बेअरिंगमध्ये होता. ‘जीवरक्षक कुठे आहेत’ असं मॅडमनी फोनवर विचारलं, तेव्हा मी ‘दृष्टिपथात आहेत’ असं सांगितलं, जे खरं होतं.

पहिल्या सहाजणी काठावरच्या फळ्यांवर बसल्या आणि त्यांनी पाय आत सोडले. त्यानंतर जी किंकाळी उठली, तिने शेजारच्या उसातले बगळे उडाले. मी घड्याळ हातात धरून ओट्यावर येरझाऱ्या घालत होतो. जयवंताकाकूंचा ‘जन्माचं’ हा शब्द कानात घुमत होता. पोरींचे ओठ थरथरत होते, माझेही. दहा मिनिटं झाल्यावर त्या उतरल्या आणि उन्हात जाऊन उड्या मारू लागल्या.

मग दुसरी तुकडी. यात रोहिणी आणि राजलक्ष्मी होत्या. लाद्यांचे मोठे तुकडे अजून तरंगत होते. पाण्याचं तापमान नोंदवायचं, असं सरांनी लिहून दिलं होतं. माझ्याकडे ताप बघायचा थर्मामीटर होता. तो मी सुतळीला बांधून आत सोडला. पारा अजिबात हलला नाही, म्हणून वहीत लिहिलं, ‘निरंक.’

सुरुवातीला याही पोरी ओरडल्या. दोन-तीन मिनिटांनी ओरडणं थांबलं. मला समाधान वाटलं. शरीर सरावतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं, ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. आणखी थोड्या वेळाने राजलक्ष्मी पाय हलवत गाणं म्हणू लागली. मागच्या बाजूने धूर येत होता. कुणीतरी पाचट पेटवलं असेल, असं म्हणून मी नाकाला रुमाल लावला.

दहा मिनिटं झाली. "उतरा," मी म्हणालो.

"भाऊसाहेब, अजून थोडा वेळ," राजलक्ष्मी म्हणाली. "लई बरं वाटतंय."

पहिल्या तुकडीतल्या एकीलाही बरं वाटलं नव्हतं. या मुलींची जिद्द पाहून मला गहिवरून आलं. मी मुदतवाढ दिली, एकदा नाही, दोनदा. रोहिणी कधी फारशी बोलत नाही, पण तीही पोटरी चोळत हसत होती. बर्फ दिसेनासा झाला होता. ऊन आहे, वितळणारच. मी नोंद घ्यायला थर्मामीटर वर ओढला. शहाण्णव. पुन्हा सोडला, पुन्हा काढला. अठ्ठ्याण्णव. मी चष्मा पुसला. शंभर. पाण्याला ताप चढत होता.

क्षणभर मला खरोखर वाटलं, की मुलींचा ताप पाण्यात उतरतोय. मग नजर त्या धुराकडे गेली. तो पाचटाचा नव्हता. तो आमच्याच धुराड्यातून येत होता.

चुलाणाचं तोंड मागच्या बाजूला, भिंतीपलीकडे खड्ड्यात असतं. तिथे बसून जाळ घालणाऱ्याला काहील दिसत नाही, जाळाच्या आवाजात काही ऐकूही येत नाही, आणि काहिलीपाशी उभ्या असलेल्याला तो दिसत नाही. मी भिंतीला वळसा घालून धावलो. खड्ड्यात मानसिंगराव उकिडवे बसून रस काढून वाळवलेल्या चिपाडांचे भारे आत सारत होते. चुलाण भडभडा पेटलं होतं.

"या भाऊसाहेब!" ते आनंदाने ओरडले. "हिकडं कुठं वाट चुकला? मशिन झालं दुरुस्त. उद्या माझाच ऊस पयला. आधी काहील धुऊन घ्यावी म्हनलं गरम पान्यानं."

दोन दिवस बंद असलेली काहील रस सोडण्याआधी पाणी उकळून धुवायची, ही इथली रीत. त्यांनी येताना तात्यांना विचारलं, काहील भरली का? तात्यांनी बेअरिंगवरून नजर न काढता सांगितलं, भरली पान्यानं. एवढ्यावर माणसाने जाळ लावला होता.

वाईट बातमी पत्राने कळवायच्या सतरा पद्धती मला येतात, तोंडाने सांगायची एकही येत नाही. "मानसिंगराव," मी म्हणालो, "काहिलीत... रोहिणी आहे."

ते हातात पेटतं चिपाड घेऊन तसेच उभे राहिले. इतका मोठा माणूस असा पांढराफटक पडलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. मग चिपाड टाकून ते खड्ड्यातून वर आले, मला ढकलून ओट्यावर चढले. मागून मी. मला वाटत होतं, आता हे मला उचलून त्या काहिलीत टाकणार, आणि मी विरोध करणार नव्हतो.

वर सहा पोरी गालांवर लाली घेऊन पाय हलवत बसल्या होत्या. "भाऊसाहेब, साबन हाय का?" राजलक्ष्मीने विचारलं.

रोहिणीने बापाला पाहिलं आणि तिचं हसू गेलं. बिचारीची भीती वेगळीच होती. तिला वाटलं, आप्पा खेळ बंद करायला आलेत. मानसिंगरावांनी बाही न सारता कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, काढला, पुन्हा घातला. "कोमट हाय," ते म्हणाले आणि ओट्यावरच खाली बसले. त्यांचे खांदे हलत होते. मी दुसरीकडे बघितलं.

तोवर मिस्त्रीने जाळ ओढून बाहेर काढला होता. तात्या काठी टेकत आले. "माझ्यावं ओरडू नगंस. तू इचारलंस काहील भरली का, मी म्हनलं पान्यानं भरली. पोरींचं तू इचारलंच न्हाईस!"

"पाय दाव," मानसिंगराव रोहिणीला म्हणाले. त्यांनी हात पुढे केला तशी तिने झटकन पाय आखडून घेतला.

"आप्पा, पायाला हात नका लावू. पाप लागंल मला."

त्यांनी हात मागे घेतला. पाय ताणून द्यायचा राहिला होता, तो राजलक्ष्मीने दिला. मी नेहमीप्रमाणे उभ्याने सांगत होतो: टाच धर, गुडघा सरळ, बोटं हळू. मानसिंगराव खाली बसल्या बसल्या बघत होते.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी प्रथमच ऐकला. "भाऊसाहेब, ह्यातलं घरी कळू द्यायचं न्हाय. आमची आई हाय घरात. प्रयागबाई म्हंत्यात तिला." त्यांनी घाम पुसला. मला फार बरं वाटलं. जगात मी एकटाच नव्हतो. पण मी मुलींकडे पाहिलं, आणि बारा तोंडं बंद ठेवण्याची कोणतीही पद्धत मला येत नाही, हेही लक्षात आलं.

शनिवारच्या अंतिम सामन्याचं मी फार सांगू शकत नाही, कारण निम्मा वेळ माझे डोळे मिटलेले होते. एक-एक अशी बरोबरी होती. दोन मिनिटं राहिली असताना ‘आई गं!’ ऐकू आलं. डोळे उघडले. रोहिणी मैदानात आडवी, डावी पोटरी दगडासारखी.

पंचाने हात केला. रिकव्हरी प्रमुखाचा बिल्ला माझ्या छातीवर होता, औषधांची पिशवी माझ्या हातात होती, आणि पाय मात्र जमिनीत रुतले होते. राजलक्ष्मी पलीकडच्या गोलात, तिला जागा सोडता येईना. मला एकच वाक्य दिसत होतं, त्याखालचा माझा शिक्का दिसत होता.

तेवढ्यात दोरीखालून कुणीतरी वाकून आत घुसलं. पांढरा शर्ट, पायात चपला. मानसिंगराव धावत गेले आणि भर मैदानात मुलीच्या पायाशी गुडघे टेकून बसले. मागे त्यांचे भाऊबंद होते, अर्धं गाव होतं, बारामतीचे पाहुणे होते.

"आप्पा, पाय नका धरू, पाप..."

"गप. दोन मिन्टं राहिल्यात," ते म्हणाले. त्यांनी तिची टाच तळहातात घेतली, गुडघा सरळ केला आणि बोटं हळूहळू नडगीकडे दाबली. मी सांगितलं होतं तसंच. त्या हातांनी इतकं हळू काही करता येत असेल, असं मला वाटलं नव्हतं.

पंच माझ्याकडे वळला. "हे कोण? मैदानात कसे आले?"

"सहायक रिकव्हरी प्रमुख," मी म्हणालो. खोटं बोलताना मी अडखळतो, पण तेव्हा अडखळलो नाही.

रोहिणी उठली, पळाली. गोल झाला नाही. पुढे पेनल्टीत आम्ही हरलो. पोरी रडल्या, मीही थोडा रडलो. पण चालवलं, केळी दिली, पाणी पाजलं. पराभवानंतरही रिकव्हरी तीच असते.

दिवस मावळायच्या आत शाळेच्या फाटकापाशी मुली ज्याच्या त्याच्या ताब्यात दिल्या. रोहिणी शेवटी उतरली. दोन पावलं तिने सरळ टाकायचा प्रयत्न केला, तिसऱ्याला लंगडली. बूट तिने छातीशी घट्ट धरले होते. मानसिंगराव ट्रॅक्टरला टेकून उभे होते. मी संमतीपत्र काढलं.

"मानसिंगराव, ज्या स्थितीत नेली त्या स्थितीत आणली नाही. लंगडतेय. अट मी मान्य केली होती."

त्यांनी माझ्या खिशातला पेन काढून घेतला, कागद ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवला आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग लेकीच्या हातातले बूट घेतले. तिने डोळे मिटले. त्यांनी बूट एकमेकांवर आपटून चिखल झाडला आणि लेस बांधून स्वतःच्या खांद्यावर टाकले.

"आजीला समदं कळलंय," रोहिणी हळूच म्हणाली. "राजलक्ष्मीनं सांगितलं."

"चल," मानसिंगराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "जायचं तर लागंलच."

ट्रॅक्टर गेल्यावर मी कागद वाचला. स्वतःच्या अटीवर त्यांनी आडवी रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं: ‘मुलगी लंगडत मिळाली. पायाचं मी बघतो.’ खाली सही, तारीख.

सोमवारी मोठ्या मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. "भाऊसाहेब, ही पोच कुठल्या नमुन्यात बसते?"

"बसत नाही, मॅडम," मी म्हणालो, आणि कागद फाइलला लावला.